डाळींच्या रांगेतली मॅटिनी

शिक्षिका म्हणून मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या आईवडिलांना शाळेत बोलावून घेतलं. "जरा येऊन जाता का, तुमच्या चिरंजीवांबद्दल बोलायचं होतं," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणू शकेन. पण हेच वाक्य एक दिवस मला कोणी ऐकवेल, आणि तेही माझ्या ऐंशीला टेकलेल्या आईबद्दल, असं कधी वाटलं नव्हतं.

फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा खात होते.

"मॅडम, तुम्ही त्या आजींची मुलगी बोलताय ना?"

"कोणत्या आजी?"

"निळी साडी. जरा मोठ्याने बोलतात."

ओळख पटली.

"मी सुपरमार्केटमधून मॅनेजर बोलतोय. टेन्शन घेऊ नका, त्या एकदम ठीक आहेत. आमचं थोडं नुकसान झालंय. तुम्ही जरा येऊन जाता का?"

डबा अर्धा टाकून मी रिक्षा पकडली.

हे सुपरमार्केट म्हणजे आमची जुनी टॉकीज. डोंबिवली पूर्वेला, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. टॉकीज बंद पडली, मग बरीच वर्षं तिथे कबुतरं आणि केसेस दोन्ही नांदत होत्या. मग एक दिवस हिरवं कापड लागलं, आतून ठोकाठोक ऐकू यायला लागली, आणि कापड उतरलं तेव्हा दारात ट्रॉल्यांची रांग उभी होती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हळहळीचा पूर आला. आपण तिथे शेवटचं कधी गेलो होतो हे ज्यांना आठवत नव्हतं, त्यांची हळहळ सगळ्यात लांबलचक होती. त्यातल्या निम्म्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात तिथून एकावर एक फुकट साबण आणले.

आईने मात्र अजिबात हळहळ केली नाही. तिचं आणि त्या टॉकीजचं जुनं भांडण होतं, आणि भांडणाचं कारण मी.

झालं होतं असं. माझ्या जन्माच्या वेळी आईला नववा महिना लागला होता, आणि तरीही तिला सिनेमा बघायचा होता. सासूबाईंनी नको म्हटलं, म्हणून तर अगदी बघायचाच होता. बाबा तिला मॅटिनीला घेऊन गेले. सिनेमातल्या नायिकेचा नवरा बोटीवरून बेपत्ता झालेला असतो. सगळे त्याला मेला समजतात. वर्षं जातात, ती दुसऱ्या एका भल्या माणसाशी लग्नाला उभी राहते, हातात हार, आणि मांडवाच्या दारात दाढी वाढलेला नवरा येऊन उभा. इंटरव्हल. दिवे लागले आणि आईला कळा सुरू झाल्या.

टांग्यातून दवाखान्यात जाताना आई म्हणे बाबांना विचारत होती, "ती कोणाला हो म्हणेल हो?" बाबा म्हणाले, "तू आधी श्वास घे."

संध्याकाळी मी झाले. मी महिन्याची होईपर्यंत सिनेमा उतरला होता. पुढे तो कुठे लागला नाही, टीव्हीवर आला नाही. आईने पुढची कित्येक वर्षं त्या सिनेमाचे निरनिराळे शेवट रचले. मी मार्क कमी आणले की तिच्या शेवटात नायिका मुलं होऊ न देण्याचा निर्णय घ्यायची.

तर, टॉकीजचं सुपरमार्केट झाल्यावर आई म्हणाली, "चल, बघून येऊ." एका रविवारी मी तिला घेऊन गेले. आत थंडगार एसी, मंद गाणी, आणि पायाखाली जरा विचित्र वाटत होतं. मालकाने खर्च वाचवला होता. जुन्या खुर्च्या उपटून वर फरशी बसवली, पण जमिनीचा उतार तसाच ठेवला होता. दारातून आत शिरलं की आपण नकळत पडद्याच्या दिशेने चालायला लागायचो. पडद्याच्या जागी आता धुण्याच्या पावडरी होत्या. बाल्कनी लोखंडी जाळीने बंद करून तिचं गोदाम केलं होतं.

आई दारात उभी राहून डोळे बारीक करून बघत राहिली. मग चालायला लागली. बिस्किटं मागे टाकली, तेलं मागे टाकली, आणि डाळींच्या रांगेत एका जागी थांबली.

"इथे."

"काय इथे?"

"इथे बसले होते मी. हे डावीकडे, मी उजवीकडे. पुढच्या बाईचा अंबाडा मध्ये येत होता."

समोर मसूर होती. आई मसुरीकडे बघत उभी राहिली. मला वाटलं तिला भरून आलं असेल. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर ती म्हणाली, "खुर्च्या कुठे ठेवल्यात बघ जरा. मघाशी दिसल्या होत्या."

शेजारच्याच रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्या विकायला ठेवल्या होत्या. आईने त्यातली एक ओढत आणली, मसुरीसमोर मांडली, आणि बसली. मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. "आई, त्या विकायच्या आहेत."

"मग? बसून बघितल्याशिवाय घेतं का कोणी खुर्ची?"

त्या दिवशी हा प्रकार तेवढ्यावर संपला, असं मला वाटलं. मी सोमवारपासून शाळेत. आई रोज सकाळी "जरा पाय मोकळे करून येते" म्हणायची. पाय मोकळे करायला ती कुठे जाते हे मला मॅनेजरच्या फोनमुळे कळलं.

मी पोचले तेव्हा उताराच्या टोकाला फ्लोअर क्लीनरच्या बाटल्यांचा खच पडला होता आणि सगळ्या दुकानाला लिंबाचा वास येत होता. मॅनेजर म्हणजे तिशीतला, इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात ओळखपत्र असलेला मुलगा. कल्याणचा. केस पार विस्कटले होते. आणि मसुरीसमोर, तीन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, तीन बाया बसल्या होत्या.

एक माझी आई. दुसऱ्या आमच्याच बिल्डिंगमधल्या मेट्रनकाकू. ठाण्याच्या सरकारी इस्पितळात त्यांनी उभं आयुष्य नोकरी केली आणि मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. डॉक्टरसुद्धा त्यांच्यासमोर हात खिशातून काढत. तिसऱ्या बाईंना मी ओळखत नव्हते. नऊवारी, कानात ठसठशीत सोनं, हातात शेंगदाण्याची पुडी. त्या ठाकुर्लीच्या मावशी. आईची आणि त्यांची ओळख इथेच, दुकानात झाली होती.

"झालं काय?" मी विचारलं.

"मॅडम, ऐका ना," मॅनेजर म्हणाला. "या तिघी रोज येतात. रोज खुर्च्या काढतात. दोन-दोन तास बसतात. मी पहिले काही बोललो नाही, मोठी माणसं आहेत. आज गर्दी होती म्हणून फक्त एवढंच बोललो की काकू, जरा उठता का. तर यांनी उठून ट्रॉली सोडून दिली."

"सोडून दिली नाही," आई शांतपणे म्हणाली. "मी बसले होते तेव्हा ट्रॉलीला पाय लावून बसले होते. तू उठ म्हणालास. मी उठले. पाय माझ्याबरोबर उठला. आता ट्रॉली उतारावरून गेली यात माझा काय दोष? जमीन सपाट करून घ्यायला नको होती?"

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. वर्गातल्या द्वाड मुलाच्या आईकडे मी असंच पाहते. मी त्या आयांसारखीच म्हणाले, "मी घरी गेल्यावर बोलते तिच्याशी."

"आणि या बघा," तो मावशींकडे वळला. "यांना उठा म्हटलं तर म्हणतात, मी माझ्या शेतात बसलेय."

"मंग खोटा हाय क?" मावशी म्हणाल्या. "या जागंव आमचा शेत व्हता. भाताचा. सासऱ्यानी इकला नि शेटनी टाकी बांधली. मना उठवाला तू कोन रं?"

टाकी म्हणजे टॉकीज. मावशींच्या सासऱ्यांनी जमीन विकली तेव्हा घरच्यांना कायम फुकट सिनेमा दाखवायचा असं तोंडी ठरलं होतं म्हणे. टॉकीज होती तोवर ते पाळलं गेलं. आता सिनेमा नाही तर निदान बसायला तरी मिळालं पाहिजे, असं मावशींचं म्हणणं होतं. कायद्याने त्याला किती अर्थ होता कोण जाणे.

"आणि तुम्ही?" मी मेट्रनकाकूंना विचारलं. निदान त्या तरी शहाण्यासारखं बोलतील अशी आशा होती.

"घरी एसी नाही," त्या म्हणाल्या.

घरी जाताना मी आईला खूप बोलले. ती मान खाली घालून ऐकत होती. गेटपाशी आल्यावर म्हणाली, "तू शाळेत मुलांना असंच बोलतेस का गं? लागत नाही काही."

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही बाजूंनी रीतसर लढाई सुरू झाली. तिचा वृत्तांत मला रोज संध्याकाळी चहाबरोबर मिळायचा. मॅनेजरने खुर्च्या एकात एक घालून छतापर्यंत रचून ठेवल्या. मेट्रनकाकूंनी घरून घडीची स्टुलं नेली. दारातल्या सिक्युरिटीवाल्याने स्टुलं अडवली, तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "गुडघ्याचं आहे, वैद्यकीय साधन आहे." त्याने वाट दिली. मॅनेजरने एसी वाढवला. तिघी स्वेटर घालून आल्या, आणि मावशींनी कानटोपी. मग त्याने गाणी मोठ्याने लावली. आईने काउंटरवर जाऊन सांगितलं की आवाज छान आहे, पण जरा जुनी लावा.

मला हसू यायचं, पण मी दाखवत नव्हते. मुख्याध्यापकांच्या खोलीत उभ्या असलेल्या मुलाची गोष्ट घरी सांगताना मला असंच व्हायचं. शेवटी एका शनिवारी अर्धी शाळा होती म्हणून मी स्वतःच बघायला गेले. नेमका तोच दिवस मोठा निघाला.

मी पोचले तेव्हा डाळींच्या रांगेत ट्रॉल्या अडकल्या होत्या. दहा-पंधरा बायका, दोनतीन पुरुष, एक बाई कडेवर मूल घेऊन, सगळे उभे होते आणि मधे आई बोलत होती. ती सिनेमा सांगत होती. बोट बुडाली, पत्र आलं, नायिकेने कुंकू पुसलं, सगळं हातवाऱ्यांसकट. गाणं आलं की मावशी म्हणायच्या. मावशींनी तो सिनेमा फुकट किती वेळा पाहिला होता कोण जाणे, पण त्या दर वेळी गाण्यापुरत्याच आत यायच्या आणि गाणं झालं की उठून घरी जायच्या, म्हशींच्या दुधाची वेळ व्हायची म्हणून. त्यामुळे त्यांना गाणी पाठ आणि गोष्ट अजिबात माहीत नव्हती.

"...आणि मांडवाच्या दारात," आई म्हणाली, "तो उभा! दाढी ही एवढी. तिच्या हातातला हार खाली पडतो." ती थांबली.

"मग?" कडेवर मूल असलेली बाई म्हणाली.

"मग ही झाली," आईने माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या नजरेत कौतुक नव्हतं.

"म्हणजे शेवट माहीतच नाही?" कोणीतरी चिडून म्हणालं.

"मला माहीत आहे," मेट्रनकाकू म्हणाल्या.

आई स्टुलावरच वळली. "तुम्हाला माहीत आहे? इतके दिवस रोज बसतोय आपण, आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही रोज तुमचाच शेवट सांगत होतात. मला वाटलं, आवडतंय तर सांगू दे."

आता मॅनेजर गर्दी कापत आला होता. "काकू, प्लीज, हा रस्ता मोकळा करा, लोकांना तूरडाळ घेता येत नाहीये."

"श्श," कडेवर मूल असलेली बाई त्याला म्हणाली.

मेट्रनकाकू रिपोर्ट वाचून दाखवावा तशा कोरड्या आवाजात सांगू लागल्या. नवरा परत आला. पण त्याने तिकडे बंदरावर दुसरं लग्न केलेलं असतं, ते तो लपवतो. भल्या माणसाला ते कळतं, पण तो भला असल्यामुळे बोलत नाही. नायिकेला मात्र काहीच माहीत नसतं...

"मग तिला कळतं कसं?" मॅनेजरने विचारलं. विचारून झाल्यावर त्याने जीभ चावली.

"दुसऱ्या बायकोचा मुलगा येतो शोधत," मेट्रनकाकू म्हणाल्या. "मग मोठं भांडण होतं. एक गाणं आहे."

मावशींनी गाणं म्हटलं. मॅनेजर हाताची घडी घालून उभा होता. मसुरीच्या पोत्याला टेकून.

"आणि शेवटी?" आईचा आवाज जरा बारीक झाला होता. "कोणाला हो म्हणते?"

"कोणालाच नाही. ती मुलींची शाळा काढते."



"शाळा?" आई म्हणाली. "एवढ्यासाठी मी कळा सोसल्या? शाळा?"

लोक हसायला लागले. मीही हसले. पण आई हसत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत होतं, आणि तिने माझं मनगट पकडलं.

"तुला शाळेत नोकरी लागली तेव्हा आठवतं? पेढे वाटले आपण. तेव्हा तुझे बाबा एकटेच खोखो हसले होते. काय म्हणाले होते?"

मला आठवलं. बाबा म्हणाले होते, "शेवटी शाळाच ना!" आणि हसता हसता त्यांना ठसका लागला होता. त्यात हसण्यासारखं काय होतं ते आम्हाला कळलं नव्हतं.

"मी दवाखान्यात होते," आई एकेक शब्द तोलून म्हणाली. "हे म्हणाले, घरून कपडे घेऊन येतो. आले ते तू झाल्यावर. टांगा मिळत नव्हता म्हणे. टांगा! हा माणूस सिनेमा बघायला परत गेला होता!"

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. हार घातलेल्या फोटोला जाब विचारता येत नाही. तरी आईने त्या संध्याकाळी तो विचारला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "टांगा मिळत नव्हता काय? आणि बायको तिकडे ओरडत होती, तेव्हा तुम्ही गाणी ऐकत होतात?" मी डोकावले, तर ती फोटोसमोर बसून पदराने डोळे पुसत हसत होती. "लबाड," ती म्हणाली. "शेवटपर्यंत सांगितलं नाही गं. सांगितलं असतं तर पकडले गेले असते ना."

त्या शनिवारनंतर मॅनेजरची बाजू ढिली पडली. खुर्च्यांचा ढीग आपोआप खाली आला. तिघींच्या जागेसाठी त्याने डाळींच्या रांगेच्या कडेला थोडी मोकळी जागा केली, ट्रॉल्या जातील एवढी. कधी कधी येऊन उभा राहायचा. मेट्रनकाकूंनी त्याचं ब्लडप्रेशर तपासायला सुरुवात केली. मावशींनी त्याला सुकटीची चटणी आणून दिली आणि जेवणाच्या सुट्टीत खाताना सगळ्या स्टाफला वास गेला म्हणून त्याचीच तक्रार झाली. आईने त्याच्या लग्नासाठी एक स्थळ सुचवलं. तो लाजून गोदामात पळाला, म्हणजे बाल्कनीत.

मग एक दिवस त्याचा पुन्हा मला फोन आला. "मॅडम, उद्या हेड ऑफिसचे साहेब येतायत इन्स्पेक्शनला. फक्त उद्याचा एक दिवस आजींना..."

"समजलं," मी म्हटलं.

आईला सांगितलं. तिला फार लागलं. "म्हणजे आम्हाला लपवायचं? पाहुणे आले की मोलकरणीच्या पोराला आत पाठवतात तसं?"

"आई, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"नोकरीचा आहे ना? मग तर गेलंच पाहिजे."

त्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिघींनी मिळून मला सगळं करून दाखवलं, म्हणून मला ठाऊक आहे. तिघी ठेवणीतल्या साड्या नेसून, वेगवेगळ्या वेळी, एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या दुकानात शिरल्या. प्रत्येकीच्या हातात ट्रॉली. साहेब आणि मॅनेजर फिरत होते. मॅनेजरने आईला पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आई साहेबांच्या समोर जाऊन थांबली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही मोठे दिसता इथले. एक सांगते. या मुलासारखा मॅनेजर अख्ख्या डोंबिवलीत नाही. माझ्या वयाच्या बाईला हा स्वतः मसूर निवडून देतो."

साहेब म्हणाले, "अच्छा?"

पुढच्या रांगेत मेट्रनकाकू. "स्वच्छता," त्या साहेबांना म्हणाल्या. "मी वॉर्ड चालवलेत. इतकी स्वच्छता मी ऑपरेशन थिएटरमध्ये पाहिली नाही. फरशीला लिंबाचा वास येतो बघा." मॅनेजर खाली बघत होता.

मावशींनी मात्र जरा जास्तच केलं. आपण खूप माल घेतोय असं दिसावं म्हणून त्यांनी हाताला येईल ते ट्रॉलीत टाकलं होतं. साहेबांनी डोकावून पाहिलं, तर त्यात कुत्र्यांच्या खाण्याची पाकिटं, दाढीचा फोम आणि लहान बाळाचे डायपर. साहेबांनी प्रेमाने विचारलं, "आजी, कुत्रा आहे का घरी?"

"नाय," मावशी म्हणाल्या. "पन हे पोरानी सांगतलान तं पालीन."

साहेब खूश झाले. गिऱ्हाइकांशी असं नातं आपण कुठल्याच दुकानात पाहिलं नाही, असं ते जाताना म्हणाले. मॅनेजरने तिघींना चहा पाजला. मावशींनी ट्रॉलीतलं सगळं परत जागेवर ठेवायला लावलं, तेही त्याने हसत हसत ठेवलं.

आता सगळं नीट झालं असं तिघींना वाटत होतं, तेवढ्यात त्यांच्या कौतुकाचं फळ मिळालं. मॅनेजरला बढती मिळाली आणि त्याची बदली झाली. ठाण्याला, बाळकुमच्या नव्या मोठ्या शाखेत. तो पेढे घेऊन आमच्या घरी आला, वाकून नमस्कार केला. आईने आशीर्वाद दिला आणि तो गेल्यावर दार लावून मला म्हणाली, "मी म्हणत होते, बेताने बोलू. पण त्या मेट्रनना ऑपरेशन थिएटर काढायची काय गरज होती?"

साहेबांनी जाता जाता आणखी एक काम केलं होतं. ज्येष्ठ ग्राहकांची एवढी आवड बघून त्यांनी दुकानात एक बाक बसवायला सांगितला. छान स्टीलचा बाक, वर पाटी, "ज्येष्ठ नागरिकांसाठी." तिघी पहिल्या दिवशी जाऊन बसल्या. बाक दाराजवळ होता, पडद्याकडे पाठ आणि समोर शॅम्पू. आईला मजा येईना. "शिक्षा केल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी जरा उशिरा पोचल्या, तर बाकावर तीन निवृत्त आजोबा पेपर वाचत बसलेले. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांनी बुद्धिबळाचा पटही आणला होता. नव्या मॅनेजर बाई त्यांना काहीच म्हणत नव्हत्या, कारण पाटीवर लिहिल्याप्रमाणे ते बरोबर होते.

"आता परवानगी आहे म्हटल्यावर कोणीही येऊन बसणारच," मेट्रनकाकू म्हणाल्या.

काही दिवस आई घरातच होती. टीव्हीपुढे बसायची आणि कंटाळून मला शाळेत फोन करायची. मग एका सकाळी मी पाहिलं, तर ती पैठणी नेसून आरशापुढे उभी होती आणि केसात गजरा माळत होती.

"कुठे?"

"कल्याणला. तिथल्या जुन्या टॉकीजचा हॉल केलाय, मंगल कार्यालय. मावशींच्या सुनेने सांगितलं. बाल्कनी तशीच ठेवलीय म्हणे, खुर्च्यांसकट."

"आणि लग्न कोणाचं आहे?"

"ते तिथे गेल्यावर कळेल ना."

मी ओरडणारच होते. पण तिच्यामागोमाग खाली आले, तर रिक्षा उभी होती, आत मेट्रनकाकू मांडीवर गिफ्टपेपरमध्ये गुंडाळलेला स्टीलच्या डब्यांचा सेट घेऊन बसल्या होत्या. फुकट जेवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. शेजारी बसलेल्या मावशी म्हणाल्या, "चल गो, तू बी चल. बाय, तुजा तोंड कसा सुकलाय." माझ्या शाळेला सुट्टी होती. मी वर जाऊन साडी बदलून आले, आणि रिक्षावाल्याशी चौथ्या सीटवरून थोडं भांडले.

लग्न बौद्ध पद्धतीचं होतं. नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत, समोर मेणबत्त्या. आम्ही मागच्या बाजूला अवघडून उभ्या होतो, तेवढ्यात वंदना सुरू झाली आणि मेट्रनकाकू हात जोडून खड्या, शुद्ध आवाजात सगळ्यांबरोबर म्हणू लागल्या. त्यांच्या घरी ती रोजची. पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं आणि मुलाकडच्यांना वाटलं आम्ही मुलीकडच्या, मुलीकडच्यांना वाटलं आम्ही मुलाकडच्या. एका काकांनी आम्हाला आग्रहाने बाल्कनीत, अगदी पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. खुर्च्या खरोखर जुन्याच होत्या, बसल्यावर करकरल्या. आईने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले आणि मागे रेलली.

जेवताना जिलबीचा आग्रह झाला. मावशींनी मुलीच्या आजीला शेजारी बसवून तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. नवरीच्या मामांनी विचारलं, "आपण मुलाच्या आत्या का?" आई म्हणाली, "लांबच्या." ते तिला खूप वाकून नमस्कार करून गेले.

निघताना फोटोग्राफरने अडवलं. "आजी, कुठे चाललात? अजून तुमचा फोटो नाही झाला." आम्हाला चौघींना स्टेजवर चढवलं, नवरानवरीच्या दोन बाजूंना दोन-दोन उभं केलं. आईने नवरीचा पदर सरळ केला. मी हसायचं की नाही या विचारात असताना फ्लॅश पडला.

कल्याणच्या कुठल्याशा घरात आता तो अल्बम असेल. पाहुण्यांना दाखवताना त्या पानावर आले की नवरा म्हणत असेल या तुझ्याकडच्या, आणि बायको म्हणत असेल, छे, तुझ्याच.